जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयीन शिक्षणपूर्ती

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयीन शिक्षणपूर्ती या विषयात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील या दोन तालुक्यांत पदवी अथवा पदविका अभ्यासक्रमास प्रवेश घेणारे विद्यार्थी तो अभ्यासक्रम कितपत पूर्ण करतात, मध्येच का सोडतात आणि त्यांना टिकवून ठेवण्यासाठी कोणते उपाय केले जातात, याचा विचार होतो. दोन्ही तालुक्यांतील मोठ्या गावांत महाविद्यालये आहेत. त्यामुळे येथील प्रश्न केवळ प्रवेशाचा राहिलेला नसून प्रवेशापासून अंतिम परीक्षेपर्यंतच्या वाटचालीचा आहे. सह्याद्रीलगतच्या आदिवासी गावांतील विद्यार्थी, शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुले आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुली यांच्या बाबतीत ही वाटचाल विशेष अवघड ठरते.

संकल्पना

स्थानिक विद्यार्थ्यांना घराजवळ, कमी खर्चात व फारशा प्रवेश-अटींविना उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांना अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे इ.स. १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय हे या प्रकारातील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. भारतात १९९५ मध्ये पुदुच्चेरी येथे या धर्तीवरील पहिले महाविद्यालय सुरू झाले. पुढे २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यमान महाविद्यालयांतच कौशल्याधारित प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालवण्यासाठी समुदाय महाविद्यालय योजना आखली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र हे काम मुख्यतः शिक्षण संस्थांनी चालवलेल्या, विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांनी केले आहे. रचनेने ती पदवी महाविद्यालये असली, तरी परिसरातील विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची त्यांची भूमिका समुदाय महाविद्यालयासारखीच आहे. म्हणून समुदाय महाविद्यालयांच्या संदर्भात चर्चिला जाणारा शिक्षणपूर्तीचा प्रश्न या महाविद्यालयांनाही लागू पडतो.

भौगोलिक व शैक्षणिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ, अतिवृष्टीचा व भातशेतीचा असून तेथे महादेव कोळी, ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. या भागातील अनेक गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पूर्व भाग तुलनेने सपाट व बागायती आहे. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव व डिंभे या धरणांमुळे तेथे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे इत्यादी पिके घेतली जातात. पुणे–नाशिक महामार्ग याच भागातून जातो आणि मंचर, नारायणगाव व आळेफाटा ही बाजारपेठेची गावे त्यावर वसली आहेत.

महाविद्यालयांचे स्थान या भूगोलाशी निगडित आहे. मंचर येथे रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, ओतूर येथे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, जुन्नर येथे श्री शिवछत्रपती महाविद्यालय आणि घोडेगाव येथे बी. डी. काळे महाविद्यालय आहे. ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन आहे. आहुपे, तिरपाड, कोंढवळ, हातवीज, अंजनावळे किंवा घाटघर अशा घाटमाथ्यालगतच्या गावांतील विद्यार्थ्यांना यांपैकी कोणत्याही महाविद्यालयात पोहोचण्यासाठी डोंगर उतरून पूर्वेकडे यावे लागते.

शिक्षणपूर्तीचे मापन

शिक्षणपूर्ती मोजण्याची पद्धत कोणती, यावर प्रश्नाचे आकलन अवलंबून असते. महाविद्यालये साधारणतः अंतिम वर्षाच्या निकालाची टक्केवारी जाहीर करतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) मूल्यांकनातही अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण विचारात घेतले जाते. या आकड्यात तत्पूर्वी शिक्षण सोडलेल्या विद्यार्थ्यांचा समावेश होत नाही.

उदाहरणादाखल, प्रथम वर्षास १०० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी ५० जण अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसले व ४५ उत्तीर्ण झाले, असे मानल्यास निकाल ९० टक्के लागतो. शिक्षणपूर्तीचे प्रमाण मात्र ४५ टक्केच असते. हे दुसरे प्रमाण काढण्यासाठी एका वर्षी प्रवेश घेतलेल्या संपूर्ण तुकडीचा मागोवा ठेवावा लागतो. तसे करताना महाविद्यालय सोडणारा प्रत्येक विद्यार्थी गळतीत धरणेही योग्य ठरत नाही. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षास प्रवेश घेऊन नंतर परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडे वळणारे, तसेच पुण्यातील महाविद्यालयात बदली घेणारे विद्यार्थी शिक्षण थांबवत नाहीत. त्यामुळे ‘महाविद्यालय सोडले’ व ‘शिक्षण सोडले’ अशा दोन स्वतंत्र नोंदी आवश्यक ठरतात.

नोंदणीचे प्रमाण हेही शिक्षणपूर्तीचे माप नव्हे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार १८ ते २३ वयोगटातील स्थूल नोंदणी प्रमाण देशात २८.४, तर महाराष्ट्रात ३५.३ होते. अनुसूचित जमातींसाठी देशपातळीवर ते २१.२ होते. नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांनी पदवी मिळवली, हे या प्रमाणावरून समजत नाही.

अडथळे

निवासाची खंडित व्यवस्था: पश्चिम भागातील अनेक मुले आश्रमशाळांत शिकतात. तेथे निवास, भोजन व अभ्यासाची वेळ या गोष्टी शाळाच पाहते. बारावीनंतर ही व्यवस्था संपते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास विद्यार्थ्याला खोली भाड्याने घेणे, नातेवाइकांकडे राहणे किंवा रोज ये-जा करणे यांतून निवड करावी लागते. शिक्षणाचे स्वरूप बदलते त्याच वेळी आधारही सुटत असल्याने प्रथम वर्ष सर्वाधिक जोखमीचे ठरते.

प्रवास: डोंगरी गावांतून एस.टी. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात. सकाळची गाडी चुकल्यास तो दिवस बुडतो, तर परतीच्या गाडीच्या वेळेमुळे दुपारनंतरची प्रात्यक्षिके सोडावी लागतात. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. या दुर्घटनेनंतर या भागातील दरडींच्या धोक्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले. पूर्वेकडील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडल्यावर थांब्यापासून वस्तीपर्यंत चालत जाणे धोक्याचे असते. मुलींच्या शिक्षणाविषयी कुटुंबाचा निर्णय होताना ही बाब महत्त्वाची ठरते.

शेतीचे वेळापत्रक: शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा भाताची लावणी चालू असते आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या सुमारास कापणी व झोडणी येते. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस पूर्व भागात उन्हाळी कांद्याची काढणी, तर पश्चिम भागात हिरडा गोळा करण्याचे काम असते. मजुरी परवडत नसलेल्या किंवा मजुरीवरच अवलंबून असलेल्या कुटुंबांत या कामासाठी मुलांची गरज भासते. परिणामी उपस्थिती अपुरी राहून परीक्षेस बसण्याची परवानगी नाकारली जाण्याची शक्यता निर्माण होते.

अनुत्तीर्ण विषयांची साठवण: काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढील वर्गात जाण्याची सवलत ‘एटीकेटी’ या नावाने ओळखली जाते. मात्र तृतीय वर्षात प्रवेश मिळण्यासाठी प्रथम वर्षाचे सर्व विषय उत्तीर्ण असावेत, असा नियम पुणे विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रचलित राहिला आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी राहिलेला एखादा विषय दोन वर्षांनी विद्यार्थ्याला घरी बसवू शकतो. वर्ष वाया गेलेले विद्यार्थी नोकरी किंवा मजुरी धरतात आणि मुलींच्या बाबतीत लग्नाचा विचार पुढे येतो. यांतील अनेकांचे परत येणे होत नाही.

अध्यापनाची भाषा: मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखेत इंग्रजी पाठ्यपुस्तके वापरावी लागतात. विषयाचे आकलन असूनही उत्तर मांडता न आल्याने विषय राहण्याचे प्रकार घडतात.

आर्थिक अडचणी: शुल्कात सवलत असली तरी खोलीभाडे, खाणावळ, प्रवास, पुस्तके व परीक्षा अर्ज यांचा खर्च उरतो. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाच्या उत्तरार्धात मिळाल्यास सुरुवातीचा खर्च उसनवारीवर भागवावा लागतो.

शासकीय उपाययोजना

घोडेगाव येथे आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. शासकीय आदिवासी वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह यांसाठी थेट बँक खात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना २०१६-१७ पासून राबवली जाते. वसतिगृहातील खाणावळी बंद करून भोजनाची रक्कम खात्यात जमा करण्याच्या निर्णयास आदिवासी विद्यार्थ्यांनी विरोध केला व जुलै २०१८ मध्ये पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. तयार भोजन आणि भोजनासाठी रोख रक्कम यांचा विद्यार्थ्याच्या वेळेवर व अभ्यासावर होणारा परिणाम सारखा नसतो, हा मुद्दा या निमित्ताने चर्चेत आला.

प्रवासाबाबत राज्य परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासावर दोन तृतीयांश सवलत देते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून हा लाभ थांबतो आणि पासाची उरलेली रक्कम भरावी लागते. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व एस.टी. बसमध्ये तिकिटात ५० टक्के सवलत आहे.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्यात आले.

महाविद्यालयीन स्तरावरील उपाय

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये सातारा येथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करताना ‘कमवा व शिका’ हे तत्त्व अवलंबले. पुणे विद्यापीठाने याच नावाची योजना संलग्न महाविद्यालयांत चालवली. तिच्यात विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत ठरावीक तास काम करून तासागणिक मानधन मिळवतात. काम महाविद्यालयाच्या आवारातच असल्याने तास बुडत नाहीत. शेतमजुरी किंवा बाजारातील हमाली यांच्या तुलनेत हा तिचा मुख्य लाभ आहे.

याशिवाय पालक-शिक्षक पद्धतीत एका अध्यापकाकडे विद्यार्थ्यांचा छोटा गट सोपवला जातो. सलग गैरहजेरी, न भरलेला परीक्षा अर्ज किंवा पहिल्या सत्रात राहिलेला विषय ही गळतीची प्रारंभिक चिन्हे होत. ती दिसताच विद्यार्थ्याशी व घरच्यांशी संपर्क साधल्यास अडचण तात्पुरती असतानाच सोडवता येते. लावणीच्या काळात बुडालेल्या तासांसाठी उजळणी वर्ग, प्रथम वर्षासाठी इंग्रजी व गणिताचे पूरक वर्ग, पाठ्यपुस्तक पेढी आणि एस.टी.च्या वेळांशी जुळणारे वेळापत्रक हे कमी खर्चाचे अन्य उपाय आहेत.

परतीची वाट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची व परत येण्याची तरतूद आहे. आवश्यक श्रेयांक व कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी व चौथ्यानंतर ऑनर्स पदवी मिळते. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परतता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. श्रेयांक मिळवण्यापूर्वीच, म्हणजे पहिल्या सत्रात, शिक्षण सोडणाऱ्यांना मात्र या तरतुदीचा उपयोग होत नाही.

नोकरी किंवा संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा दुसरा मार्ग आहे. त्याची अभ्यासकेंद्रे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत चालतात.

अन्य देशांतील अनुभव

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात शिष्यवृत्तीपलीकडे उरणारे शुल्क, सार्वजनिक वाहतुकीचा पास व पाठ्यपुस्तकांचा खर्च देण्यात आला. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी समुपदेशक नेमून त्याच्याशी वारंवार भेट बंधनकारक केली गेली. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या गटांच्या अभ्यासात तीन वर्षांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील विद्यार्थ्यांत सुमारे ४० टक्के, तर अन्य गटात सुमारे २२ टक्के आढळले. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत याच धर्तीचा कार्यक्रम राबवल्यावरही जवळपास तसाच फरक दिसला.

महानगरातील हे निष्कर्ष डोंगरी तालुक्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तथापि पास, पुस्तके, शुल्क व मार्गदर्शन या गोष्टी एकाच विद्यार्थ्याला एकाच वेळी मिळणे हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत यांतील बहुतेक घटक आदिवासी विकास विभाग, उच्च शिक्षण विभाग, राज्य परिवहन महामंडळ, विद्यापीठ व महाविद्यालय यांच्याकडे विभागलेले आहेत. प्रत्येकासाठी विद्यार्थ्याला स्वतंत्र अर्ज, दाखले व मुदती सांभाळाव्या लागतात. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्यांना या कामी साहाय्य करणारी व्यक्ती महाविद्यालयातच उपलब्ध असणे शिक्षणपूर्तीच्या दृष्टीने निर्णायक ठरते.