पाच कोटींत संघ कसा उभा राहतो?

दिवाळीनंतर आमच्या खैरलांजीकडे मंडईचे दिवस असतात. धान कापणीला आलेलं, कुठे कापून बांधीत पसरलेलं, आणि आज या गावची मंडई तर उद्या त्या गावची. रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा कबड्डी. मैदान म्हणजे नांगरून, पाणी मारून, दगडगोटे वेचून तयार केलेली माती. चुन्याच्या रेषा दुपारपर्यंत पुसल्या जातात आणि मग पंचांचा शब्द हीच रेषा.

गेल्या वर्षी, 31 ऑक्टोबर 2025 ला, मी घरीच होतो. अंगणात खाटेवर मोबाइल टेकवून आम्ही दहा-बारा जण प्रो कबड्डीची अंतिम लढत पाहत होतो. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. पलटण 28-31 अशी हरली. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश, पण आमच्या अंगणात सगळे पुण्याकडून. त्यातही जिव्हारी लागलं ते हे, की दिल्लीच्या बचावात फजल अत्राचली उभा होता. हाच इराणी खेळाडू 2022 मध्ये पलटणने 1 कोटी 38 लाखांना घेतला होता आणि पुढच्याच वर्षी सोडून दिला होता.

"सोडलाच कायले मंग?" काकाजींनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर देता देता मी रात्री अकरापर्यंत बोलत बसलो. तेच इथे लिहितो आहे, कारण आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत मुलं हे सामने बघतात, लिलाव बघतात, आणि सगळ्यांत महागडा खेळाडू घेणारा संघच जिंकणार असं धरून चालतात. बहुतेक वेळा तसं होत नाही.

आधी नियम. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम मिळते. 2022 च्या नवव्या पर्वात ती 4 कोटी 40 लाख होती, दहाव्या पर्वापासून 5 कोटी झाली. मालक कितीही श्रीमंत असो, त्याहून जास्त नाही. संघात किमान 18 खेळाडू हवेत. म्हणजे सरळ भागाकार केला तर माणशी पावणेअठ्ठावीस लाख. पण सरळ भागाकार कोणीच करत नाही, आणि सगळी गंमत तिथेच सुरू होते.

ऑक्टोबर 2023 चा लिलाव घ्या. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. तोपर्यंत एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. मी नोकरीनिमित्त हैदराबादला असतो. आमच्या ऑफिसमध्ये त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलूई या इराणी बचावपटूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. आता ढोबळ गणित करा. टायटन्सकडे उरलेल्या 17 जणांसाठी राहिले सुमारे 2 कोटी 40 लाख, म्हणजे माणशी 14 लाख. पलटणकडे राहिले 2 कोटी 65 लाख, माणशी साडेपंधरा लाख. फरक जवळजवळ नाहीच. दोघांनीही अर्धी थैली एकाच माणसावर रिकामी केली होती.

निकाल? टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. पवन वाईट खेळला नाही, चढाईत त्याने दोनशेच्या आसपास गुण घेतले. पण तो बाद होऊन बाकावर बसला की आत कोणी उरत नसे. आणि पलटण विजेती. 1 मार्च 2024 ला हैदराबादच्याच गचिबोवलीत त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं.

म्हणून 'एकावर एवढे पैसे घालावेत का' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. बघायचं असतं ते हे, की उरलेले सतरा जण कोण आहेत आणि ते त्या चौदा-पंधरा लाखांत का मिळाले.

पलटणचे ते उरलेले लोक एका रात्रीत आले नव्हते. कर्णधार अस्लम इनामदार हा अहमदनगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणायचं) मुलगा. मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही सगळी पोरं लहान वयात घेतलेली, एकत्र खेळून तयार झालेली आणि लिलावाआधी राखून ठेवलेली. 2022 ला याच संघाने फजल आणि मोहम्मद नबीबक्ष अशी दोन मोठी नावं घेतली, अंतिम फेरी गाठली आणि जयपूरकडून 29-33 ने हरले. पुढच्या वर्षी त्यांनी ती दोन्ही नावं सोडली, पोरं ठेवली. मोकळ्या झालेल्या पैशांत फक्त एक माणूस आणला. शादलूईने त्या पर्वात पकडींचे 99 गुण घेतले, सगळ्या स्पर्धेत सर्वाधिक. काकाजींच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: फजल वाईट होता म्हणून नाही, पोरं टिकवायची होती म्हणून सोडला.

उलट उदाहरण त्याआधीच घडून गेलं होतं. नवव्या पर्वात तमिळ थलायवाजनी याच पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात पहिल्या काही मिनिटांत त्याचा गुडघा गेला. संपूर्ण पर्व बाहेर. थैलीतली अर्धी रक्कम बाकावरसुद्धा नाही, थेट दवाखान्यात. सगळ्यांनी संघ मोडीत काढला. पण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढाईत अडीचशेच्या जवळ गुण काढले आणि थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. ते नियोजन होतं असं मी म्हणणार नाही. नशीबही होतं.

आपल्या सिद्धार्थ देसाईचं आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा गडी 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला आणि पहिल्याच पर्वात त्याने दोनशेहून जास्त गुण केले. मुंबाला तो त्याच्या खऱ्या किमतीच्या पाव भावात मिळाला होता. पुढच्या लिलावात टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना उचललं आणि संघ तळाशी राहिला. खेळाडू तोच. स्वस्तात होता तेव्हा बाकीच्यांसाठी पैसे उरत होते, महाग झाला तेव्हा उरले नाहीत.

माझी चुलत बहीण टोरंटोला असते. तिच्या घरी बर्फावरच्या हॉकीचं वेड आहे, आणि तिचा मुलगा टोरंटो मेपल लीफ्सचा निळा सदरा घालून झोपतो. तिकडच्या लीगमध्ये ही पगाराची मर्यादा 2005 मध्ये आली. त्याआधी मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात 2004-05 चा अख्खा हंगाम रद्द झाला होता. लीफ्सनी 2018-19 च्या सुमारास चार आक्रमक खेळाडूंशी मोठे करार केले: टवारेस, मॅथ्यूज, मार्नर आणि नायलँडर. चौघांचे मिळून वर्षाला साधारण 4 कोटी डॉलर. मर्यादा होती 8 कोटी 15 लाख डॉलर. ती दरवर्षी वाढेल असा सगळ्यांचा अंदाज होता. मग कोविड आला, प्रेक्षक गेले, उत्पन्न गेलं आणि मर्यादा तीन हंगाम तिथेच गोठली. चौघांत अर्धी रक्कम, उरलेल्या अर्ध्यात एकोणीस जण. दरवर्षी साखळीत उत्तम खेळायचं आणि बाद फेरीत लवकर घरी यायचं असा क्रम लागला. त्यांनी शेवटचा करंडक जिंकला 1967 मध्ये. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, बाबांनी पण मला हेच सांगितलं, पण सदरा तर घेऊन झाला ना."

कबड्डीत एक सोय आहे. करार लांबचे नसतात, चूक झाली तर पुढच्या लिलावात पाटी कोरी करता येते. पण त्याचीच दुसरी बाजू पलटणने पाहिली. विजेतेपदानंतर शादलूई त्यांच्याकडे राहिला नाही. 2024 च्या लिलावात हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि डिसेंबरमध्ये हरियाणा विजेते झाले, तेही पुण्यात, बालेवाडीला. त्या पर्वात पलटण बाद फेरीतही नव्हती. अस्लम मध्येच दुखापतीने बाहेर गेला होता. पुढच्या वर्षी गुजरातने शादलूईसाठी 2 कोटी 23 लाख मोजले आणि गुजरात बाद फेरीत पोहोचलंच नाही. एकच माणूस, तीन वर्षांत तीन संघ, दोन करंडक आणि एक रिकामा हात. हरियाणाकडेही पलटणसारखी घडवलेली पोरं होती. गुजरातला ती घडी बसली नाही, असं माझं मत.

इथवर सगळं पटत होतं. मग माझा धाकटा चुलत भाऊ बोलला. वय एकोणीस, डावा कोपरा खेळतो, पायाची पकड चांगली आहे. मंडईच्या स्पर्धांत दोन वर्षांपासून त्याचं नाव घेतलं जातं. तो म्हणाला, "भाऊ, म्हणजे संघ जिंकते ते आमच्यासारखे सस्ते मिळतात म्हणून का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. कारण हो, तसंच आहे. नव्या तरुण खेळाडूंसाठी लीगची वेगळी योजना आहे. त्यात बोली लागत नाही, ठरलेल्या रकमेवर संघ मुलाला घेतो आणि पुढे राखूनही ठेवू शकतो. तो मुलगा पवनइतके गुण घेऊ लागला तरी त्याचा भाव लगेच पवनचा होत नाही. टोरंटोच्या त्या लीगमध्येही नवख्यांचे पहिले करार तीन वर्षांचे आणि बांधलेल्या रकमेचे असतात. विजेत्या संघाच्या हिशेबात जी शिल्लक दिसते, ती या पोरांच्या पगारातून आलेली असते. माझ्याच पहिल्या कंपनीत मी चार वर्षं इमानाने काढली आणि नंतर कळलं की माझ्या हाताखाली नव्याने आलेल्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतं. फरक इतकाच की मी राजीनामा देऊन दुसरीकडे जाऊ शकलो.

"सस्ता तं आपला धानही जाते," काकाजी म्हणाले, "पण त्याले हमीभाव तरी राह्यते."

हमीभाव इथेही आहे एका अर्थी. लिलावात सगळ्यांत खालच्या, ड गटाची मूळ किंमत दहाव्या आणि अकराव्या पर्वात 9 लाख होती. दोन-तीन महिन्यांच्या खेळासाठी नऊ लाख ही आमच्या गावात लहान रक्कम नाही. दीड-दोन एकर धानाच्या घरात तर नाहीच. पण बोलीच लागली नाही तर शून्य, आणि गुडघा गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा शून्य. म्हणूनच इतके कबड्डीपटू रेल्वे, पोलीस, सैन्यदलाच्या नोकऱ्या धरून खेळतात. लीगचा पैसा वर्षाचा, नोकरीचा पगार दर महिन्याचा.

हे मी त्याला सांगितलं. कॉलेज सोडू नकोस, राज्याच्या निवड चाचणीला जा. आणि आमच्यासाठी ती भोपाळकडून असते, नागपूर जवळ असलं तरी. घरी मराठी बोललो तरी कागदावर आपण मध्य प्रदेशचे. कुणी करार पुढे केला तर रकमेच्या आधी मुदत वाच, किती वर्षं बांधून घेतात ते बघ. सही करण्याआधी मला फोटो पाठव, मध्यरात्री पाठवलास तरी चालेल.

काकाजी ऐकत होते. त्यांना मुलाने तलाठ्याची परीक्षा द्यावी असं वाटतं आणि ते काही चूक नाही. पण उठता उठता त्यांनी विचारलंच, "त्या इनामदारच्या बापाले कोणी विचारलं होतं का गा, पोरगा कबड्डी खेळते तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडई होती. आमचा संघ उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरला. भावाने चार पकडी केल्या, पाचवीत घोटा मुरगळला. घरी आल्यावर काकूंनी हळद गरम करून लावली, आणि तो मोबाइलवर पुढच्या लिलावात कोणाला सोडतील याची यादी बघत बसला.