तोच डाव, पुन्हा पुन्हा?

आमच्या ऑफिसात कॉफी मशीनजवळ दोन पार्ट्या आहेत. एक टायसनवाली, दुसरी सिकंदरवाली. दुसऱ्या पार्टीत मी एकटाच आहे, कारण मी माढ्याचा. पण भांडणाचा विषय दोघांचा एकच. सलामी झाली रे झाली की अंगावर जाणाऱ्या जडशीळ गड्यानं कधीतरी आपली स्टाईल बदलावी की नाही?

ज्यांना सिकंदर म्हटल्यावर सलमानचा सिनेमा आठवतो त्यांच्यासाठी जरा ओळख. सिकंदर शेख, मोहोळचा. पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलात की कुर्डुवाडी लागते, मग आमचं माढा, आणि थोडं पुढं मोहोळ. म्हणजे आमच्या हिशोबानं गाववालाच. वडिलांनी हमाली करून त्याला पैलवान केलं, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तो तयार झाला. त्याची कुस्ती आहे म्हटलं की आमच्याकडं ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, कारण हा गडी थांबत नाही. हात मिळवला की घुसलाच.

जानेवारी 2023. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या शेवटच्या लढतीत सिकंदरसमोर महेंद्र गायकवाड, हाही आमच्या सोलापूर जिल्ह्याचा, उंचापुरा गडी. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी 4 गुण दिले आणि सिकंदर बाहेर. त्या 4 गुणांवरून राज्यभर जी भांडणं झाली ती तुम्ही मोबाइलवर बघितली असतील. पंच बरोबर की चूक, त्यात मी पडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो डाव. समोरचा भिडून जोर लावत असेल तर त्याचाच जोर वापरून पायाला अडा लावायचा, त्याला बाहेरची टांग म्हणतात. जो लांब उभा राहून वाट बघतो त्याला ती लावणं अवघड. जो दर वेळी आत घुसतो त्याच्यासाठी ती तयारच असते.

लगेच टायसनवाले ओरडले, ‘बघ, म्हणून स्टाईल बदलायला पाहिजे!’

थांबा राव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरीची फायनल झाली. समोर शिवराज राक्षे, म्हणजे जानेवारीत गदा नेलेला पठ्ठ्या. सिकंदरनं त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी बांधून चितपट केलं. झोळी म्हणजे मान आणि पाय एकाच कवळीत घेऊन समोरच्याचं गाठोडं करायचं. आता सांगा, दहा महिन्यांत माणूस बदलला का? तेवढाच आक्रमक होता. ज्या स्वभावानं जानेवारीत घात केला, त्यानंच नोव्हेंबरमध्ये गदा दिली.

टायसनचंही नीट बघा. कस डिमाटोनं त्याला शिकवलं ते नुसतं ठोसे मारणं नव्हतं. हनुवटीजवळ हात, डोकं सतत हलतं, एक ठोसा बरगडीत तर पुढचा हनुवटीवर. डिमाटो 1985 मध्ये गेला, 1988 मध्ये टायसननं ट्रेनर केव्हिन रूनीलाही काढलं. मग डोकं हलायचं कमी झालं आणि एकाच ठोशात खेळ संपवायची सवय वाढली. 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या राउंडला आडवं केलं. लोक म्हणतात, तो फार आक्रमक होता म्हणून हरला. मला वाटतं आक्रमण तेवढंच राहिलं, त्यातली व्हरायटी गेली.

खरा अभ्यास करायचा तर जॉर्ज फोरमनचा. 1973 मध्ये त्यानं जो फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. पुढच्या वर्षी किन्शासात अलीसमोर गेला तेव्हा चाळीस लढती, चाळीस विजय! अली दोरांना टेकून मार खात राहिला, हा मारत राहिला, आठव्या राउंडला हाच दमून कोसळला. प्लॅन बी नव्हता. कट टू 1994. फोरमन 45 वर्षांचा, पोट सुटलेलं, चड्डी तीच किन्शासावाली (हे खरं आहे). समोर 26 वर्षांचा मायकेल मूरर. गुणांवर फोरमन मागे होता. पण घाई नाही. जॅब टाकत, वाट बघत बसला आणि दहाव्या राउंडला एक सरळ उजवा. मूरर झोपला. ठोसा जुनाच होता, फक्त तो कधी मारायचा हे वीस वर्षांत कळलं होतं.

कुस्तीतही आता तेच गणित आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. नियम आळशाला धरतात हे खरं; नुसता मागं सरणाऱ्याला ताकीद मिळते, मग तीस सेकंदांत गुण नाही घेतला तर समोरच्याला एक गुण. पण सव्वाशे किलोचं शरीर पहिल्या मिनिटात सगळं ओतून बसलं की दुसऱ्या भागात श्वासाचा प्रश्न येतो. म्हणून घुसावं, पण दर वेळी त्याच दारानं घुसू नये. एकदा पटाला जावं, एकदा जायचं दाखवून थांबावं, समोरच्याला येऊ द्यावं आणि तो आला की झोळी.

हे मी पुण्यात एसीत बसून लिहितो. गावाकडं सांगून बघा! कारण पैलवानाचं पोट स्पर्धेवर कमी आणि जत्रेच्या मैदानांवर जास्त चालतं. तिथं हलगी वाजत असते, हजारो माणसं उन्हात बसलेली असतात आणि त्यांना निकाली कुस्ती हवी असते. दोन मिनिटं नुसती खडाखडी झाली की मागून आवाज येतो, ‘अय, लाव की डाव!’ कुस्ती बरोबरीत सुटली तर माणसं उठून चालू लागतात आणि पुढच्या जत्रेला कमिटी दुसऱ्याला बोलावते. म्हणजे ज्या संयमानं गदा मिळेल त्याच संयमानं इनाम जायची भीती. तुमच्या-माझ्यासारखे दोन बॉस आहेत त्याला, दोघांचं अप्रेझल वेगळं.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे वस्ताद यावर एकच उपाय सांगतात. तालमीत जोड करताना आक्रमक पोराला म्हणायचं, पहिली पाच मिनिटं तू डाव लावायचा नाहीस, फक्त दुसऱ्याचा सोडवायचा. पोरं पहिल्या आठवड्यात चिडतात, रडतात, एखादं तालीमच सोडतं. जी टिकतात त्यांना मैदानात मोकळं सोडायचं, तिथं पाहिजे तेवढं घुसू दे म्हणे.

टायसनवाल्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पाच मिनिटं थांबणारा टायसन बघायला तिकीट कोण काढेल?