नेच्याचा जन्म

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाचे रूप पालटते. वैशाखात भाजून निघालेले काळे कातळ ओले होतात. ओढ्याकाठच्या दरडींतून आणि विहिरींच्या बांधकामातील फटींतून नेच्यांची गुंडाळलेली कोवळी पाने डोके वर काढतात. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. मग नवा नेचा जन्मास येतो तरी कसा?

मुलांनो, नेच्याचे जून पान उलटून पाहा. त्याच्या पाठीवर बहुधा तपकिरी ठिपके दिसतील. त्यांत असंख्य बीजाणू असतात. एकेक बीजाणू इतका सूक्ष्म असतो, की वारा त्याला सहज दूर नेतो. परंतु त्याच्याजवळची शिदोरी फार थोडी असते. खोल मातीच्या अंधारात तो रुजला, तर वर येण्यापूर्वीच ती संपून जाईल. म्हणून तो घाई करीत नाही.

प्रथम तो पाणी शोषून घेतो. मग बहुतेक जातींचे बीजाणू प्रकाशाची वाट पाहतात. जर्मन शास्त्रज्ञ हान्स मोर यांनी १९५६ साली एका नेच्यावर प्रयोग केले. भिजलेल्या बीजाणूंना तांबडा प्रकाश मिळाला की ते रुजू लागत. मात्र त्यापाठोपाठ तांबड्याच्या पलीकडचा अतितांबडा प्रकाश दिला, तर ते थांबत. यात मोठे मर्म आहे. झाडांची हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, पण अतितांबडा पुष्कळसा खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट पानांखाली पडलेल्या बीजाणूला जणू 'अजून थांब' असा निरोपच मिळतो!

प्रकाशाला उष्णतेची साथ हवी. पुष्कळ नेच्यांना २० ते २५ अंश सेल्सियस तापमान मानवते. थंडीत अंकुरण मंदावते. फार उष्णतेत ते खुंटते. पावसाळ्यातील ओल, मंद उजेड आणि बेताची ऊब यांचा मेळ बसला, की बीजाणूपासून हृदयाच्या आकाराचे, नखाहूनही लहान असे हिरवे पातळ अंग तयार होते. त्यावरील पाण्यातून पुंबीजे पोहत स्त्रीबीजापर्यंत जातात, आणि मग खरा नेचा उगवतो.

डोंगरावरील झाडे तुटली तर प्रकाश विपुल मिळतो. पण गारवा आणि ओल निघून जाते, आणि ते नाजूक अंग करपते. दरडीवरचा नेचा टिकावा असे वाटत असेल, तर तिच्यावरची सावलीही टिकली पाहिजे.

तुम्हीही एक प्रयोग करा. उकळून निववलेल्या पाण्याने भिजवलेली माती दोन कुंड्यांत भरून तिच्यावर बीजाणू भुरभुरा. दोन्हींवर काच ठेवा. एक कुंडी खिडकीशी, उन्हापासून दूर ठेवा. दुसरी काळ्या कागदात गुंडाळा. काही आठवड्यांनी पहिलीत हिरवा थर दिसेल. मग दुसरीचा कागद काढा. काही दिवसांनी तीही हिरवी होऊ लागेल. अंधारातील बीजाणू मेलेले नव्हते; ते योग्य वेळेची वाट पाहत होते.