धूर, धुकं आणि क्रूझ कंट्रोल

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज गाडीच्या दुरुस्तीवर बोलणार म्हटल्यावर काहीजण गालात हसताहेत, ते मला इथून दिसतंय. हसा. पण माझ्या गाडीनं मला न्यायशास्त्राचा एक धडा नव्यानं दिला, तो सांगतो.

नागपूरहून समृद्धी महामार्गानं येत होतो. वेग ठरवून दिला की गाडी तो आपोआप राखते, पाय मोकळा राहतो. हाच क्रूझ कंट्रोल. राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरनं तो शोधला, १९५० मध्ये पेटंट मिळवलं. हा माणूस लहानपणापासून अंध होता, बरं का! तर वैजापूरच्या अलीकडे माझा क्रूझ सुटला, तो परत लागेचना. तसाच रात्री वडगावला पोचलो. सकाळी बघतो तर बॅटरी उतरलेली. म्हटलं, बॅटरी जुनी झाली. केबल लावून गाडी चालू केली.

एका गॅरेजवाल्यानं लगेच निदान केलं, "स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग गेली, बदलावी लागेल." क्लॉक स्प्रिंग म्हणजे चाक फिरलं तरी बटणांची जोडणी तुटू न देणारी गुंडाळलेली पट्टी. हॉर्न आणि एअरबॅगच्या तारासुद्धा तिच्यातूनच जातात. खर्च मोठा होता. मी विचारात पडलो.

आपल्याकडे नैयायिक काय म्हणतात? डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथं अग्नी आहे. पण दिसतोय तो धूरच आहे ना? धुक्याला धूर समजलात तर हेतूच असिद्ध. पुढचा तर्क कितीही चोख असो, निष्कर्षाला आधार राहत नाही.

आता क्रूझचा विचार करा. वेग धरण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरला चार गोष्टी कळाव्या लागतात: ब्रेकवर पाय नाही, क्लचवर पाय नाही, वेग पुरेसा आहे आणि बटणाचा हुकूम आला आहे. एकीबद्दल शंका आली तरी तो नकार देतो, आणि द्यायलाच हवा. म्हणून तपासताना प्रत्येक खबरीचा दुसरा साक्षीदार शोधायचा. वेगाचा साक्षीदार स्पीडोमीटर. माझा चालू होता. क्लॉक स्प्रिंगचा साक्षीदार हॉर्न. तोही वाजत होता, स्टिअरिंगवरची आवाजाची बटणंही चालत होती. एखादीच तार तुटू शकते, नाही असं नाही; पण लगेच चाक उघडायचं कारण नव्हतं. आणि ब्रेकचा साक्षीदार? मागचा दिवा!

गावातल्या वायरमन पोरानं तेच केलं. म्हणाला, "सर, पाय काढा आणि मागं जाऊन बघा." मी गेलो. पेडल मोकळं, तरी ब्रेकलाइट ढणाढणा पेटलेले. पेडलच्या वर एक स्विच असतो. पेडल मोकळं असताना एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा त्याची दांडी दाबून धरतो. तो ठोकळा जुना होऊन तुटला होता, त्याचे तुकडे पायाखालच्या मॅटवर पडले होते. दांडी सुटली, म्हणून स्विच सांगत राहिला, 'ब्रेक दाबलाय.' नवा ठोकळा बसवला, दिवे विझले, क्रूझ लागला. स्विच बदलायचीही गरज पडली नाही.

म्हणजे क्रूझ बिघडलाच नव्हता, मंडळी. त्याचा तर्क अचूक होता, त्याला मिळालेली खबर खोटी होती. बॅटरी का उतरली, तेही कळलं. रात्रभर दिवे जळत होते, आणि मी गाडी मागची बाजू भिंतीकडे करून लावतो!

पण मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच विचारानं. शिर्डीपासून वडगावपर्यंत, अंधारात, माझे ब्रेकलाइट सतत पेटलेले होते. मी खरोखर ब्रेक मारला असता तर मागच्याला ते कसं कळणार? आपल्या नीरा-बारामती रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. अचानक ब्रेक मारावाच लागतो. मी माझ्या पायाच्या आरामाची तक्रार करत होतो, आणि धोका मागच्या माणसाच्या जिवाला होता.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. क्रूझ लागेनासा झाला तर आधी कोणाला तरी मागं उभं करून ब्रेकलाइट बघा; मग फ्यूज, मग स्कॅनर. नव्या, रडारच्या गाड्यांत पुढच्या बंपरवरचा चिखलही पुसून बघा. आणि स्विचच्या तारा जोडून क्रूझ जबरदस्तीनं चालू करू नका. ब्रेक दाबल्यावर तो सुटलाच पाहिजे. स्टिअरिंग उघडायची वेळ आलीच, तर एअरबॅगमुळे ते काम जाणकारावरच सोडा.

दुसरं यंत्रापुरतं नाही. कोणी आपलं ऐकत नाही म्हणून तो बिघडलाय, असं म्हणण्याआधी त्याला कोणती खबर पोचली, एवढं विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ.