पेटंट रद्द झालं, हळदीची परीक्षा झाली नाही

हळदीच्या गोळ्यांबद्दल शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं: "अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी ते हाणून पाडलं. गुण सिद्ध झाले म्हणूनच ना?" नाही. ही लढाई अभिमानाचीच आहे, म्हणून तर ती नीट सांगायला हवी.

मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळालं ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांच्या कामाला. तेही हळदीवर नव्हे, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर. पुढे त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख असे दाखले पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. तिथं निर्णय झाला तो एवढाच, की यात नवीन काही नाही. हळदीनं जखम खरंच लवकर भरते का, हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं तपासलं नाही. ते त्याचं कामही नव्हतं. वापर जुना आहे हे ठरलं, गुणकारी आहे हे नाही. किती वेळा सांगायचं!

मग गुण किती? हळदीतला औषधी मानला जाणारा घटक म्हणजे कुर्क्युमिन. ते असतं जेमतेम तीन टक्के, आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'नं कुर्क्युमिनवरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा छापला. एकही काटेकोर चाचणी निर्विवाद यशस्वी ठरलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसतं, एवढं मान्य.

"मिरपूड घातली की लागू पडते." मिरीतल्या पिपेरिनमुळे कुर्क्युमिन जास्त शोषलं जातं, हे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं. पण शोषलं जाणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे. "घरचीच वस्तू, अपाय कसला?" भाजीतल्या चिमटीचा नाहीच. पण हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिका, इटली, ऑस्ट्रेलियात नोंदले गेले आहेत.

भाजल्यावर तर हळद लावूच नका. पिवळ्या लेपाखाली भाजणं किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही, आणि तो खरवडताना सोललेली कातडी आणखी दुखावते. भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बाळाच्या नाळेलाही हळद लावू नका, ती कोरडीच ठेवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर हळदीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.