पतंगांची ओळख व नोंद

मृगाचा पाऊस पडून गेला की शाळेच्या ओसरीवरील दिव्याभोवती पतंगांची गर्दी जमते. सकाळी आपण ते केराबरोबर झाडून टाकतो. वस्तुतः भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती असून पतंगांच्या १०,००० हून अधिक आहेत. त्यांपैकी आपल्या गावी कोणत्या व केव्हा येतात, हे गावकऱ्यांवाचून कोण सांगणार?

हे ज्ञान केवळ हौसेचे नव्हे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. ही एका पतंगाचीच अळी होय. तिच्या शेपटाकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. ही खूण जाणणारा विद्यार्थी घरच्या शेतातील कीड वेळीच दाखवू शकेल. तथापि सर्व पतंग शत्रू नव्हेत. पुष्कळ पतंग रात्री फुलांचे परागीभवन करतात.

फुलपाखराच्या मिशांच्या टोकास गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या वा पिसासारख्या असतात. आरंभ अंगणातील कण्हेरीपासून करावा. तिच्यावर निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली हिरवी अळी सापडते. तिचा पुढे हिरवा पतंग होतो.

निरीक्षणाची रीत अशी :
(१) पांढरे धोतर भिंतीवर ताणून त्यापुढे दिवा लावावा. मुलांसोबत पालक असावेत.
(२) पतंग न मारता छायाचित्र घ्यावे. केसाळ सुरवंटास हात लावू देऊ नये.
(३) तारीख, वेळ, ठिकाण, हवामान व जवळची पिके लिहावीत.
(४) छायाचित्र 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर चढवावे. तेथे जाणकार नाव सुचवितात. २०१२ पासून जुलैअखेर पाळल्या जाणाऱ्या पतंग सप्ताहातही भाग घेता येईल.

अंबडचे जुने गाव आज नाशिक महानगरपालिकेत असून त्यास लागून मोठी औद्योगिक वसाहत आहे. भोवतालच्या शाळांनी एकाच रात्री, सारख्याच दिव्याखाली, वसाहतीलगत व दूर शिवारात अशा दोन नोंदी केल्यास दिव्यांच्या झगमगाटाचा पतंगांवरील परिणाम मुलांना स्वतः पडताळून पाहता येईल.

नाव न कळल्यास 'अनोळखी' असे लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. अनोळखी पतंग छायाचित्रावरून पुढे ओळखता येतो, परंतु चुकीचे नाव एकदा वहीत शिरले म्हणजे तेच खरे मानले जाते. शिक्षकाची बदली झाली तरी ही वही शाळेतच राहावी व नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.