उडता पक्षी आणि कॅमेऱ्याची कसोटी

बसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्यास धीर लागतो. उडत्या पक्ष्याचे घेण्यास धीर, चपळाई आणि भरवशाचे यंत्र अशी तिन्ही लागतात. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला बारा चित्रे टिपत असे. उडताना पंख नेमके कसे हलतात, हे त्याला पाहायचे होते. आज बाजारात मिळणारे कित्येक कॅमेरे सेकंदाला वीस किंवा त्याहून अधिक चित्रे घेतात. परंतु चित्रे पुष्कळ मिळाली म्हणजे ती स्पष्ट मिळाली, असे मात्र नव्हे. स्पष्टतेची जबाबदारी ‘ऑटोफोकस’ या यंत्रणेवर असते. ती कितपत विश्वासार्ह आहे हे आपले आपण कसे पारखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम या यंत्रणेचे काम समजून घेऊ. आपोआप फोकस साधणारा, सर्वसामान्यांच्या हाती आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. पुढे १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतही ही सोय रुळली. यामागील मुख्य युक्ती सोपी आहे. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा कॅमेरा ताडून पाहतो. त्या जुळल्या तर फोकस बरोबर. न जुळल्या तर लेन्स कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकवावी, हे त्यांच्यातील अंतरावरून कळते. २०२० नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांना तर पक्ष्याचा डोळाही ओळखता येतो.

मग अडचण कोठे येते? थोडे गणित करू. एक घार ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आपल्याकडे येत आहे. ती २० मीटरवर असताना ४०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ या छिद्रावर वापरली, तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ८० सेंटिमीटर जाडीचा असतो. सेकंदाच्या दहाव्या भागात घार एक मीटर पुढे आलेली असते! म्हणजे ती आता कोठे आहे हे कळून भागत नाही; क्षणभराने ती कोठे असेल, याचा अंदाज कॅमेऱ्याला बांधावा लागतो. आपण खरी परीक्षा घ्यायची ती या अंदाजाची.

ही परीक्षा तीन पायऱ्यांनी घ्यावी. पहिल्या पायरीवर भिंतीला वर्तमानपत्राचे पान चिकटवावे आणि कॅमेरा तिवईवर ठेवून त्याची चित्रे घ्यावीत. स्थिर अक्षरेच पुसट येत असतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. दुसऱ्या पायरीवर एखाद्या मित्राला मोकळ्या मैदानात सायकलवरून सरळ आपल्याकडे यायला सांगावे. ताशी १८ किलोमीटर वेग धरला तर तो सेकंदाला ५ मीटर येतो आणि हवा तितक्या वेळा परत येतो. पक्षी इतके सौजन्य दाखवीत नाहीत. तिसऱ्या पायरीवर पक्षी घ्यावेत, पण ते नेहमीचेच: घार, पारवा, बगळा. दुर्मीळ पक्ष्यावर यंत्राची परीक्षा घेणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडण्यासारखे आहे.

तिन्ही पायऱ्यांवर एक नियम पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शटरचा वेग १/२००० सेकंदावर कायम ठेवून प्रथम निरभ्र आकाशापुढचा पक्षी घ्यावा, मग झाडीपुढचा, मग पाण्यावरचा. आडवा जाणारा आणि समोरून येणारा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. निळ्या आकाशापुढे पुष्कळ कॅमेरे हुशार ठरतात. झाडीपुढे मात्र पक्ष्याला सोडून फांदीला धरतात.

चित्र पुसट आले की दोष ऑटोफोकसचाच, असे समजू नये. सबंध चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले, तर तो हात हलल्याचा किंवा शटर मंद असल्याचा परिणाम होय. पक्षी सर्व बाजूंनी सारखाच पुसट असेल आणि मागचे झाड किंवा पुढचे पंखाचे टोक रेखीव असेल, तर फोकस चुकला. हा विवेक केला नाही, तर निरपराध यंत्राला शिक्षा होते.

आता मोजणी. प्रत्येक प्रकाराच्या निदान दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दहा चित्रे घ्यावीत. चित्र पूर्ण मोठे करून डोळा पाहावा आणि ‘स्पष्ट’, ‘चालेल’, ‘बाद’ अशी वहीत नोंद करावी. बाद चित्रे मोजण्याआधी पुसू नयेत. समजा, एका कॅमेऱ्याची शंभरात ६८ चित्रे स्पष्ट आली आणि दुसऱ्याची ६१, तर पहिला श्रेष्ठ असा निकाल देण्याची घाई नको. एवढा फरक योगायोगानेही पडतो. शिवाय एका फेरीतील दहा चित्रे म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. फोकस एकदा सुटला की दहाही एकदम बिघडतात. म्हणून फेऱ्या वाढवाव्यात, नुसती चित्रे नव्हेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की पक्ष्याचे छायाचित्र हा पुरावाही असतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालतात. त्यांवरील अक्षरे स्पष्ट चित्रात वाचता आली, तर तो पक्षी कोठून आला हे कळू शकते. भिगवणच्या पाणथळीवरून उडून गेलेला कडीवाला पक्षी कदाचित पुन्हा दिसणार नाही. त्या क्षणी कॅमेरा कोठे दगा देतो हे आधी ठाऊक असलेला विद्यार्थी झाडी टाळून आकाशाची बाजू धरील आणि नोंद मिळवील. मात्र चित्रासाठी थव्याला हुसकावून उडवणे कटाक्षाने टाळावे. दूरवरून आलेल्या त्या जिवांना विश्रांतीची गरज असते.

दुकानदाराचे एक सुंदर चित्र पाहून महागडे यंत्र घेण्यापेक्षा दोन दिवस कॅमेरा भाड्याने आणावा, वही उघडावी आणि महाविद्यालयावर घिरट्या घालणाऱ्या घारींना परीक्षक नेमावे. एक उत्तम चित्र नशिबानेही मिळते. कॅमेऱ्याची खरी लायकी बाद चित्रांसकट केलेल्या मोजणीतूनच कळते.